रत्नागिरीतले अपिलाचे वकील, आमचे ५४०० डबे आणि अडीच वर्षं : माझा रिव्ह्यू

नाव लिहिणार नाही हे आधीच सांगते. वकीलसाहेबांनीच बजावलंय, "वहिनी, चांगलं लिहा, वाईट लिहा, पण नाव नको." बार काउन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांत ३६ नंबरचा नियम आहे, वकिलाला स्वतःची जाहिरात करायला बंदी, आणि पक्षकाराने केलेलं कौतुक उद्या कुणी जाहिरात म्हणून पुढे केलं तर उत्तर त्यांना द्यावं लागणार. म्हणून हा बिननावाचा रिव्ह्यू. तरी लिहितेय, कारण कोकणात धंदा करणाऱ्यांचे, मग आंबा असो, काजू, मच्छी, चिरा, होमस्टे काहीही असो, पैसे अडकले की पहिला प्रश्न हाच की वकील कुठला करायचा. जमिनीचा आणि फौजदारीचा वकील वाडीवाडीत माहीत असतो. पण धंद्याच्या दाव्याचा आणि त्यातही अपिलाचा वकील नक्की काय करतो, त्याच्याकडे कधी जायचं, काय घेऊन जायचं, हे आम्हालाही माहीत नव्हतं आणि ते कळायला आम्हाला एक केस हरावी लागली.

आमचा पल्पचा कारखाना आहे, पावसच्या बाजूला. अण्णांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी सुरू केलेला, आता मी आणि माझी जाऊ बघतो, आमचे हे आणि भाऊजी बागांकडे असतात. कॅनिंगचा सीझन एप्रिलच्या शेवटाला सुरू होतो आणि जूनचा पहिला जोराचा पाऊस पडला की संपला, चाळीस-पंचेचाळीस दिवस, त्यात वर्षाचं सगळं. २०१८ च्या जूनमध्ये पुण्याच्या एका व्यापाऱ्याला आम्ही हापूस पल्पचे ९०० बॉक्स दिले, बॉक्सला ६ डबे, डबा ३.१ किलोचा, म्हणजे ५४०० डबे. ६५० रुपये डबा धरून ३५ लाख १० हजार झाले, त्यातले १२ लाख आधी आले होते, बाकी २३ लाख १० हजार. गणपतीच्या आधी देतो म्हणाले, मग दसरा, मग दिवाळी. दिवाळीनंतर नोटीस पाठवली तेव्हा १९ नोव्हेंबरच्या पत्रात पहिल्यांदा लिहून आलं की माल खराब होता, डबे फुगले, आमचं मार्केटमध्ये नाव गेलं. पाच महिन्यांत एक शब्द नाही आणि पैसे मागितल्यावर डबे फुगले. डिसेंबरात आमचा सुपरवायझर त्यांच्या गोडाऊनला जाऊन आला, तिथे ३६ बॉक्स म्हणजे २१६ डबे खरोखर फुगलेले होते आणि तसं त्याने कागदावर सही करून दिलं. त्या सहीवरून घरात किती बोलणी झाली ते मी इथे लिहीत नाही, पोरगा खरं बोलला होता.

दावा लावायचा तर आधी मीडिएशन, म्हणजे मध्यस्थापुढे तडजोडीचा प्रयत्न, करावं लागतं, हे कमर्शियल कोर्टाच्या, म्हणजे धंद्याच्या दाव्यांसाठीच्या कोर्टाच्या, कायद्यात २०१८ पासून आहे, आणि २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हे सक्तीचं आहे, तातडीचा मनाई हुकूम वगैरे मागायचा नसेल तर मीडिएशनशिवाय दावाच चालत नाही. आधी १ कोटीच्या वरचेच दावे कमर्शियल कोर्टात जायचे, २०१८ च्या दुरुस्तीनंतर ती मर्यादा ३ लाखांवर आली म्हणून आमच्यासारख्यांचे दावेही त्यात आले. आम्ही जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज केला, समोरचा आलाच नाही, तसा रिपोर्ट मिळाला आणि २०१९ मध्ये जिल्हा न्यायालयातल्या कमर्शियल कोर्टात दावा दाखल झाला. त्यांनी उलट ८ लाखांचा नुकसानीचा दावा आमच्यावरच टाकला. मग लॉकडाऊन आला, तारखा, साक्षी, आणि जानेवारी २०२३ मध्ये निकाल: आमचा दावा फेटाळला आणि वर ५ लाख आम्हीच त्यांना द्यायचे. अण्णा त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखे कारखान्यात जाऊन बंद पडलेल्या, डब्यांची झाकणं बसवायच्या सीमिंग मशीनसमोर खुर्ची टाकून बसले, जानेवारीत तिथे काही काम नसतं.

आमच्या आधीच्या वकिलांना मी दोष देत बसणार नाही, त्यांनी साक्षीपुरावा त्यांच्या परीने केला. पण एक गोष्ट सांगायलाच हवी कारण ती कुणाच्याही बाबतीत होऊ शकते. त्यांनी आम्हाला सांगितलं अपिलाला ९० दिवस आहेत, सावकाश बघू. साध्या दिवाणी दाव्यातून हायकोर्टात अपील करायचं तर ९० दिवस असतात हे खरं आहे. कमर्शियल कोर्टाच्या निकालावर मात्र ६० दिवसच. आम्ही निवांत. मिरकरवाड्याला आमच्या ओळखीचे एक बोटमालक आहेत, त्यांचं इंजिनच्या पैशांवरून मोठं प्रकरण झालं होतं, ते सहज म्हणाले की तुम्ही आमच्या वकिलांना एकदा कागद दाखवा. आम्ही गेलो तो निकालापासूनचा ४१ वा दिवस होता.

आता खरा रिव्ह्यू.

ऑफिस दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, अण्णांना चढवताना दोनदा थांबावं लागलं. आत कपाटं, फायली, एक जुना लाकडी टेबल. जाऊबाईंनी पहिल्यापासून सगळी हकीकत सांगायला सुरुवात केली तर साहेबांनी हात वर करून थांबवलं, "हकीकत नंतर ऐकतो, निकालपत्र आणलंय का?" दिलं. त्यांनी ते आमच्यासमोर वाचायला घेतलं, ३८ पानं, हातात शिसपेन्सिल, मधे फोन वाजला तर उचलला नाही. दीड तास. आम्ही तिघं गप्प बसलो होतो, क्लार्कने दोनदा चहा आणला. त्याआधी साडेतीन वर्षांत आमच्यासमोर बसून आमचा कागद कुणी पूर्ण वाचलेला मी पाहिला नव्हता. वाचून झाल्यावर पहिला प्रश्न, "नक्कलेचा अर्ज कधी टाकलात?" म्हणजे निकालाची कोर्टाच्या शिक्क्याची प्रत मागायचा अर्ज, तो टाकलाच नव्हता. त्यांनी तिथल्या तिथे क्लार्कला कोर्टात पाठवलं आणि मग आम्हाला ६० दिवसांचं सांगितलं. नक्कल मिळायला जेवढे दिवस जातात ते मुदतीतून वगळतात, पण अर्जच उशिरा टाकला तर मधले वाया गेलेले दिवस कुणी परत देत नाही. आणि उशीर माफ करा म्हणून अर्ज देता येतो हे खरं असलं तरी २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने महाराष्ट्र सरकारच्याच एका प्रकरणात सांगितलंय की कमर्शियल अपिलात उशीर माफ करणं हा अपवाद, नेहमीची सवलत समजायची नाही. सरकारला जिथे सूट नाही तिथे आपण कोण. हे ऐकताना माझे हात गार पडले होते.

केस घेतो असं त्यांनी त्या दिवशी सांगितलं नाही. म्हणाले, पूर्ण रेकॉर्ड वाचल्याशिवाय हो म्हणत नाही, आठ दिवस द्या. दावा, कैफियत (समोरच्याचं लेखी उत्तर), सगळ्या निशाण्या (कोर्टाने नंबर दिलेले पुराव्याचे कागद), साक्षी, रोजनामा (दर तारखेला काय झालं त्याची कोर्टाची नोंद), सगळं. त्याचे वाचनाचे वेगळे पैसे घेतले, केस घेतली नसती तरी ते परत मिळणार नव्हते, हे आधी स्पष्ट सांगून.

आठव्या दिवशी बोलावलं. आधीच्या वकिलांनी अपिलाचे अकरा मुद्दे काढून दिले होते, तो कागद त्यांच्यासमोर होता आणि त्यातल्या नऊ मुद्द्यांवर रेघ मारलेली. आमचं सगळ्यात लाडकं हत्यार म्हणजे व्हॉट्सॲपचे मेसेज, ज्यात तो व्यापारी स्वतः लिहितोय की माल छान आहे, पैसे पाठवतो. ते कोर्टाने वाचलेच नव्हते, कारण सोबत ६५-बी चं प्रमाणपत्र, म्हणजे हे मेसेज अमुक फोनमधून जसेच्या तसे काढलेत असं लिहून दिलेला कागद, जोडलं नव्हतं. आम्हाला वाटायचं हा अन्याय आहे आणि हायकोर्टात हाच मुद्दा गाजवायचा. साहेब म्हणाले, तो मुद्दा सोडा. जालन्याच्या निवडणुकीवरून खोतकर-गोरंट्याल म्हणून प्रकरण झालं, त्यात २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने प्रमाणपत्र सक्तीचं आहे असं स्पष्ट सांगितलंय. अपिलात नवीन पुरावा आणायला ऑर्डर ४१ रूल २७ खाली अर्ज करता येतो, पण खाली आणायची संधी असताना का आणला नाही याचं उत्तर आपल्याकडे नाही, आणि त्या एका अर्जाच्या मागे आपलं अख्खं अपील रखडेल.

मग राहिलं काय?

त्यांनी फाइल उलटली आणि निशाणी ६१ काढली. समोरच्या व्यापाऱ्याच्या मॅनेजरची उलटतपासणी. तिसऱ्या पानावर खालून चौथ्या ओळीला पेन्सिलीची बारीक खूण. कोर्टातल्या साक्षी ज्यांनी पाहिल्यात त्यांना ती भाषा माहीत असेल: "हे म्हणणे खरे आहे की, नादुरुस्त डबे वगळता उरलेला माल आम्ही गणपतीपूर्वी आमच्या गिऱ्हाइकांना विकला." एवढंच. हे वाक्य आमच्याच आधीच्या वकिलांनी काढून घेतलं होतं बरं का, त्यांना त्याचं श्रेय आहे, पण शेवटच्या युक्तिवादात ते राहून गेलं आणि निकालपत्रात त्याचा उल्लेखही नाही. साहेबांनी मालविक्रीचा कायदा काढला, १९३० चा, त्याचं कलम ४२: माल घेणाऱ्याने मालकासारखा वागून तो पुढे विकला, किंवा वाजवी मुदतीत नको म्हणून कळवलंच नाही, तर त्याने माल स्वीकारला असं धरतात. २०१८ चे गणपती १३ सप्टेंबरला होते, तक्रारीचं पत्र १९ नोव्हेंबरचं. विकून पैसे खिशात घातल्यावर दोन महिन्यांनी माल खराब होता म्हणून आमचं बिल बुडवता येत नाही. आम्ही साडेतीन वर्षं ज्या फायली कपाटात घेऊन बसलो होतो त्यात हे वाक्य होतं आणि आम्ही ते एकदाही वाचलं नव्हतं. जाऊबाईंनी ती ओळ मोठ्याने वाचली, मग अण्णांनी चष्मा लावून वाचली.

पण त्याच बैठकीत भांडणही झालं. साहेब म्हणाले, त्या २१६ डब्यांचे पैसे मी मागणार नाही, सुरुवातीलाच सोडणार. २१६ डबे म्हणजे १ लाख ४० हजार ४०० रुपये. अण्णा उठून उभे राहिले, आमच्या सीमिंगमध्ये खोट नव्हती, ट्रकात आपटले असतील, त्यांच्या गोडाऊनला पत्रा होता, उन्हाने तापले असतील. साहेबांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "अण्णा, तुमच्या माणसाची सही आहे. माल स्वीकारला म्हणजे सगळी जबाबदारी संपली असंही कायदा म्हणत नाही, कलम ५९ खाली खराब निघालेल्या मालापुरती किंमत त्याला कमी करून मिळते. ते मी स्वतः सांगितलं तर बाकीच्या ५१८४ डब्यांबद्दल जज माझं ऐकतील." अण्णांनी हो म्हणायला चार दिवस घेतले.

माझ्या मते या माणसाला पैसे द्यायचे ते ह्या दोन गोष्टींचे, पूर्ण रेकॉर्ड वाचायचे आणि काय सोडायचं ते पक्षकाराच्या तोंडावर सांगायचे. कोर्टात आवाज चढवून बोलणारा वकील आपल्याला आवडतो, मलाही आवडायचा. अपिलात साक्षीदार नसतात, नवीन काही यायचं नसतं, खाली जे कागदावर आलं तेवढ्यावरच सगळं, त्यामुळे कागद ज्याला पाठ तोच पुढे.

अपील केलं की आपोआप स्थगिती मिळते हा पण आमचा गैरसमज होता. नाही मिळत. समोरच्याने ५ लाखांसाठी दरखास्त लावली, म्हणजे वसुली, आणि बेलीफ दारात येईल या धास्तीने माझी झोप उडाली होती. हायकोर्टाने अर्धी रक्कम, अडीच लाख, जमा करायला सांगून वसुली थांबवली. ते पैसे मे महिन्यात भरायचे होते, ऐन कॅनिंगमध्ये, जेव्हा बागायतदाराला रोज रोख द्यावी लागते. ते कसे उभे केले ते आमचं आम्हाला माहीत. साहेबांनी हे महिनाभर आधी सांगून ठेवलं होतं, "पन्नास टक्के धरून चला", म्हणून निदान जमवाजमव झाली.

मुंबईला एकूण सात वेळा गेलो. रात्रीची कोकणकन्या, पहाटे सीएसएमटी, तिथेच तोंड धुवून चालत फोर्टला. हायकोर्टाची ती १८७८ ची दगडी इमारत, आत शिरलं की माणूस आपोआप हळू बोलायला लागतो. सातपैकी चार वेळा बोर्ड, म्हणजे त्या दिवसाच्या कामांची यादी, आमच्यापर्यंत पोचलाच नाही, संध्याकाळी परत गाडी. साहेब मात्र प्रत्येक वेळी नवीन तारीख लागल्यासारखे पूर्ण तयारीने, तीच फाइल, त्याच खुणा. शेवटचा युक्तिवाद जून २०२५ मध्ये झाला, बाहेर धो धो पाऊस. मला वाटलं होतं तासनतास चालेल. साहेब उभे राहिले, पहिलंच वाक्य २१६ डब्यांचं, ते आम्ही मागत नाही. मग निशाणी ६१, पान ३. दोन जजपैकी एकांनी स्वतः ते पान काढून वाचलं आणि समोरच्या वकिलांना विचारलं की हे वाक्य तुमच्याच साक्षीदाराचं ना, मग माल परत कधी करणार होतात? समोरचे वकील नामांकित होते, बोलायला छान, पण या प्रश्नाला उत्तर नव्हतं. चाळीस मिनिटांत सगळं आटोपलं. जुलैमध्ये निकाल: खालचा निकाल रद्द, आमचे २३ लाख १० हजारांतून १ लाख ४० हजार ४०० वजा करून २१ लाख ६९ हजार ६०० आणि दाव्याच्या तारखेपासून ९ टक्के व्याज, त्यांचा ८ लाखांचा दावा फेटाळला, आमचे अडीच लाख परत.

अण्णांना फोन केला तर पहिला प्रश्न, "दोनशे सोळाचे कापले ना?" म्हटलं हो. म्हणाले, बरोबर आहे.

आता साहेबांच्या प्रवासाबद्दल थोडं, कारण माझा भाचा यंदा लॉच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि त्याला घेऊन मी मुद्दाम त्यांच्याकडे गेले होते. गुहागरकडच्या गावातले, घरात वकील कुणी नाही. रत्नागिरीत लॉ केलं, सनद घेतली आणि मुंबईला एका सिनियरच्या चेंबरला लागले. पहिली सहा वर्षं स्वतःचं काम जवळजवळ नाहीच. सकाळी सिनियरच्या बॅगा, कोर्टात मागे उभं राहून ऐकायचं, संध्याकाळी तारखांची यादी बनवायची. ही यादी म्हणजे कुठल्या तारखेला काय झालं, कुठल्या पानावर, एका ओळीत एक गोष्ट. ते म्हणाले, मी वकिली शिकलो ती या यादीत, तीनशे पानांच्या फायलीतून दोन पानं काढायची आणि त्यातलं एकही वाक्य चुकीचं निघता कामा नये. मुंबई हायकोर्टात ओरिजिनल साइड आणि अपेलेट साइड असे दोन वेगळे भाग आहेत, मुंबई शहरातले मोठे दावे थेट ओरिजिनल साइडला चालतात, आणि जिल्ह्यांतून वर येणारी अपिलं अपेलेट साइडला. साहेब अपेलेट साइडला वाढले. सुरुवातीला आपल्याकडची कुळकायद्याची, वहिवाटीची, वाटपाची सेकंड अपिलं. सेकंड अपिलात तर कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न निघाला तरच ऐकतात, नाहीतर पहिल्याच दिवशी बाहेर, त्यामुळे दहा मिनिटांत मुद्दा कसा मांडायचा ते तिथे शिकले. धंद्याची कामं नंतर आली, त्याच पक्षकारांच्या मुलांनी बोटी घेतल्या, काजूचे कारखाने टाकले, रिसॉर्ट बांधली, आणि त्यांचे पैसे अडकायला लागले. लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन सुनावण्या, ई-फायलिंग सुरू झालं तेव्हा ते रत्नागिरीला परतले, आई एकटी होती.

भाच्याने विचारलं पैसे कधी मिळायला लागतात. त्यांनी लपवलं नाही. ज्युनियरला शहरात महिना २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार तरी द्यावेत असं बार काउन्सिलने ऑक्टोबर २०२४ मध्ये सुचवलंय, पण ती शिफारस आहे, देणारे देतात, बरेच देत नाहीत. पहिली पाच वर्षं घरचा आधार असेल तर बरं. आणि जज व्हायचं म्हणत असशील तर आता सरळ कॉलेजातून परीक्षा देता येणार नाही, मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सिव्हिल जजसाठी तीन वर्षं वकिलीची अट परत आणली आहे. मग त्यांनी त्याला चवदार तळ्याच्या दाव्याचं सांगितलं. आपण सगळे १९२७ चा महाडचा सत्याग्रह शाळेत शिकलो, पण त्यानंतर बाबासाहेबांवर महाडच्या कोर्टात दावा लागला आणि तो खालच्या कोर्टातून जिल्हा कोर्टात आणि तिथून हायकोर्टात गेला, हे मला तरी माहीत नव्हतं. १९३१ ला पहिला निकाल, १९३३ ला दुसरा, आणि हायकोर्टाचा १७ मार्च १९३७ ला. दहा वर्षं. आणि हायकोर्टात निर्णय झाला तो एका मुद्द्यावर, की अनादी काळापासून चालत आलेली रूढी आहे असं जे समोरचे म्हणत होते ते त्यांना पुराव्याने सिद्ध करता आलं नाही. साहेब म्हणाले, "तळ्यावर जाऊन पाणी पिणं मोठं होतंच, पण नंतर दहा वर्षं तारखा सांभाळणं, कागद सांभाळणं, तेही कुणीतरी केलं ना." भाचा परत येताना गाडीत गप्प होता, मंडणगडचाच आहे तो, बाबासाहेबांचं आंबडवे त्याच्या गावापासून लांब नाही. आता त्याने दिवाळीच्या सुट्टीत साहेबांकडे बसायचं ठरवलंय.

तक्रारी पण लिहिते, नाहीतर रिव्ह्यू कसला. फोन उचलत नाहीत, मेसेजला उत्तर दोन दोन दिवसांनी, आणि ज्याचे पैसे अडकलेत त्याला दोन दिवस म्हणजे काय ते सांगायला नको. यावरून माझं आणि त्यांचं एकदा वाजलं, त्यानंतर क्लार्क दर शुक्रवारी संध्याकाळी स्टेटस पाठवायला लागला, ते आधीपासून हवं होतं. धीर देणं त्यांना जमत नाही. "जिंकू का?" विचारलं की "मुद्दा चांगला आहे" यापलीकडे अडीच वर्षांत एक शब्द नाही. अण्णांसारख्या म्हाताऱ्या माणसाला थोडा धीराचा शब्द लागतो हो. फी टप्प्याटप्प्याने, वाचन, दाखल, स्थगिती, शेवटची सुनावणी, प्रत्येकाची पावती, पण सुरुवातीला एकूण आकडा सांगा म्हटलं तर सांगितला नाही, आम्ही अंदाज बांधत राहिलो. मुंबईच्या एका मोठ्या फर्मने जो आकडा सांगितला होता त्याच्या तिसऱ्या हिश्शात काम झालं हे मात्र खरं. आणखी एक, वकिलाच्या बिलावर जीएसटी दिसत नाही म्हणून खूश होऊ नका, आपल्यासारख्या नोंदणी असलेल्या धंद्याला तो रिव्हर्स चार्जने स्वतः भरावा लागतो, आमच्या सीएने वर्षअखेर सांगितलं. कोर्ट फी वेगळी, आणि ती अपिलातही परत भरावी लागते.

जाणार असाल तर निकालपत्र, सगळ्या नकला आणि मूळ बिलं घेऊन जा, हकीकत लिहून आणू नका, ते वाचत नाहीत. निकाल लागला त्याच दिवशी नक्कलेचा अर्ज टाका, मग वकील शोधा. छोटा उद्योग म्हणून नोंदणी नसेल तर आजच करा. आमची २०१८ ला नव्हती, तेव्हा उद्योग आधार होतं, आता उद्यम. नोंदणी असती तर एमएसएमई कायद्याखाली ४५ दिवसांत पैसे देणं त्याला बंधनकारक होतं आणि नाही दिले तर बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याज, दाद मागायला वेगळी कौन्सिल. साहेबांनी पहिल्या बैठकीतच सांगितलं की तो रस्ता आपल्यासाठी बंद आहे. व्हॉट्सॲपवर ऑर्डर घेत असाल, आणि सगळेच घेतो, तर फोन बदलताना जुना फोन टाकू नका. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम लागू झालाय, ६५-बी च्या जागी आता कलम ६३ आहे, प्रमाणपत्राचा नमुना ठरलेला आहे, आणि ते पुराव्यासोबतच जोडायचं. आम्ही आता दर सीझनला डिलिव्हरी चलनाच्या खाली छापतो की तक्रार सात दिवसांत लेखी कळवावी, हे वाक्य साहेबांनी लिहून दिलं, त्याचे पैसे घेतले नाहीत.

आणि मुंबईच्या फेऱ्यांची धास्ती असेल तर ती आता राहिली नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालंय, सीपीआर हॉस्पिटलसमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग दोन्ही त्यात आहेत, सोबत कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर. रायगडवाल्यांना मात्र मुंबईच. आमचा निकाल त्याच्या महिनाभर आधी लागला, नाहीतर आंबा घाटातून सकाळी जाऊन रात्री घरी आलो असतो. साहेब आता सोमवार ते गुरुवार बहुतेक कोल्हापुरात असतात, रत्नागिरीच्या ऑफिसात शुक्रवार-शनिवार संध्याकाळी सहानंतर. आधी क्लार्कला फोन करा.

पाचपैकी साडेचार. अर्धा त्या न उचललेल्या फोनचा. समोरचा सुप्रीम कोर्टात गेला नाही, व्याजात आम्ही थोडं सोडलं आणि तीन हप्ते ठरले, दोन आलेत, तिसरा होळीच्या आत यायचा आहे, त्याची तारीख क्लार्कने त्याच्या डायरीत लाल पेनाने लिहून ठेवली आहे.